नकाराला कारण हवं

स्वित्झर्लंडमधल्या काही गावांत 2003 सालापर्यंत एक रीत होती. गावात वर्षानुवर्षं राहिलेल्या परदेशी माणसानं नागरिकत्वासाठी अर्ज केला की त्याचा निकाल गावकरी मतदानानं लावायचे. मतदानाआधी पालिकेकडून प्रत्येक मतदाराच्या घरी एक माहितीपत्रक यायचं. अर्जदाराचं वय, मूळ देश, शिक्षण, कामधंदा, इथे येऊन किती वर्षं झाली, भाषा कितपत येते, गावात कितपत रुळला आहे, असा त्यातला मजकूर. प्रत्येक अर्जदारापुढे दोनच पर्याय, हो किंवा नाही. मत गुप्त. नाही म्हणणाऱ्यानं कारण लिहावं अशी जागा कागदावर नव्हती आणि ते त्याला कुणी विचारतही नसे.

ही जुनी माहितीपत्रकं गोळा करून येन्स हाइनम्युलर आणि डोमिनिक हांगार्टनर या दोन राज्यशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला. 2013 साली तो 'अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू' या नियतकालिकात आला. शीर्षक अगदी साधं, प्रश्नार्थक: स्विस पासपोर्ट कुणाला मिळतो? रसग्रहण करायचं ते कवितेचं, फार तर कादंबरीचं, असं आपण धरून चालतो. तक्त्यांनी आणि आलेखांनी भरलेल्या निबंधात रस कसला, असं कुणी म्हणेल. पण या निबंधाकडे मी पुन्हा पुन्हा परत येतो, आणि दर वेळी त्याच्या रचनेचं नवं काहीतरी हाती लागतं. स्थलांतराच्या धोरणावर जगभर जेवढी भाषणं होतात त्यांच्या तुलनेत इतक्या नेटक्या पुराव्यावर उभं असलेलं लेखन फार थोडं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर गोडी कळणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही. आईवडील परदेशी असतील तर तिथेच जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकलेल्या, घरीदारी तिथलीच बोली बोलणाऱ्या मुलालाही अर्ज करावा लागतो. नागरिकत्व तीन पातळ्यांवरचं असतं: गावाचं, कँटनचं म्हणजे प्रांताचं, आणि देशाचं. त्या काळी देशात 12 वर्षं वास्तव्य झाल्यावर अर्ज करता येई, आणि खरा अडसर असे तो गावाचा. कुठे पालिकेचं निवडून आलेलं मंडळ निर्णय घेई, कुठे गावसभा हात वर करून, तर कुठे वर सांगितल्याप्रमाणे गुप्त मतदान होई. निबंधाचा विषय ही शेवटची, मतपेटीवाली गावं. 1970 ते 2003 या काळातल्या 44 पालिका आणि सुमारे 2,400 अर्जदार.

आता निबंधाचं पहिलं आणि माझ्या मते सर्वांत मोठं सौंदर्यस्थळ. भेदभाव सिद्ध करणं समाजशास्त्राला नेहमीच जड जातं. समजा, एका कारखान्याच्या मालकानं तुर्की माणसाला नोकरी नाकारली. संशोधक त्याचं शिक्षण, वय, अनुभव तपासून म्हणणार, एवढीच पात्रता असलेल्या जर्मन माणसाला नोकरी मिळाली, याला मिळाली नाही. मालक शांतपणे उत्तर देणार, मुलाखतीत मला जे दिसलं ते तुमच्या तक्त्यात नाही. या उत्तरापुढे संशोधक हतबल होतो, कारण मुलाखतीच्या खोलीत तो नव्हता. मालक खरंही बोलत असेल. कळायला मार्ग नाही.

इथे ही पळवाट बंद आहे. मतदारानं जो कागद वाचला तोच कागद संशोधकानं वाचला. ल्युत्सर्न शहराला लागून असलेल्या एमेनसारख्या पालिकेत हजारो मतदार. त्यांतल्या बहुतेकांनी अर्जदाराला कधी पाहिलेलं नव्हतं, त्याच्याशी बोलणं तर दूरच. त्यांच्या दृष्टीनं अर्जदार म्हणजे त्या चार-सहा ओळी. त्या ओळी जपलेल्या आहेत आणि प्रत्येक अर्जदाराला किती 'हो' आणि किती 'नाही' पडले हेही जपलेलं आहे. मधलं मन तेवढं गुप्त. हजारो मतदारांच्या मनात गेलेला मजकूर आणि बाहेर पडलेला निकाल, दोन्ही जसेच्या तसे समोर असण्याचा योग संशोधकाच्या वाट्याला क्वचितच येतो. अगदी लहान गावात मतदार अर्जदाराला ओळखत असतील, ही शंका वाचताना येते आणि ती यावीही. पण मतपेटी वापरणाऱ्या मोठ्या पालिकांच्या बाबतीत ती फारशी टिकत नाही.

काव्यशास्त्रात औचित्याला केवढा मान आहे! अलंकार कितीही झळाळता असो, तो जागी नसेल तर फुकट. संशोधनाच्या पद्धतीलाही तीच कसोटी लावावी. या निबंधातली गणिती हत्यारं फार नवी नाहीत. प्रश्नाला नेमकं बसेल असं साधन शोधलं, ते कपाटांमधल्या पिवळ्या पडलेल्या कागदांत सापडलं, आणि ते ओळखता आलं, हेच प्रतिभेचं काम.

त्या ओळींत काय दडलं होतं? भाषा उत्तम येते की जेमतेम, माणूस गावात मिसळला आहे की नाही, शिक्षण किती, कामधंदा काय, या साऱ्यांपेक्षा मूळ देश ही एकच ओळ मतांवर जास्त प्रभाव टाकत होती. उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या श्रीमंत देशांतून आलेल्या अर्जदाराच्या तुलनेत, बाकी सगळा मजकूर सारखा असतानाही, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून किंवा तुर्कस्तानातून आलेल्या अर्जदाराला पडलेल्या 'नाही' मतांचं प्रमाण सरासरी 40 टक्क्यांनी जास्त. म्हणजे एकाला जिथे 100 जण नाही म्हणत, तिथे दुसऱ्याला 140. आता या पालिका आपल्या अर्जदारांना काय सांगत होत्या ते पाहा: भाषा शिका, मिसळा, नीट नोकरी करा. लोक शिकले, मिसळले, नोकऱ्या केल्या. आणि मतदाराची नजर त्यांना बदलता येणार नव्हती अशा एका ओळीवर जाऊन थांबत होती. हे वाचताना मला राग येतो. लेखक मात्र मतदारांना एकदाही दूषण देत नाहीत. एवढा संयम मला जमला नसता, आणि निबंधाचं वजन त्या संयमातूनच येतं.

यापुढचा भाग सावकाश वाचण्याजोगा आहे. लेखक विचारतात, हा भेदभाव कोणत्या जातीचा? एक प्रकार अज्ञानातून येतो. समोरच्या माणसाची माहिती कमी, म्हणून त्याच्या गटाबद्दल जो समज मनात आहे तो त्याला चिकटवायचा. दुसरा प्रकार नावडीचा. माहिती कितीही द्या, नको म्हणजे नको. दोन्हींचा परिणाम एकच, नकार. मग बाहेरून वेगळे कसे ओळखायचे? उत्तर त्याच कागदांत आहे. चांगलं शिक्षण, चांगली नोकरी यांचा फायदा श्रीमंत देशांतून आलेल्यांपेक्षा नावडत्या देशांतून आलेल्यांना जास्त होत होता. जर्मनीच्या किंवा हॉलंडच्या माणसाबद्दल मतदाराचं मत आधीच चांगलं असे, म्हणून त्याची पदवी मतदार फारशी मोजत नसे. तुर्की माणसाची पदवी मात्र मोजली जाई, कारण ती मनातल्या समजाला छेद देई. याचा अर्थ, निदान काही मतदार कागद वाचत होते आणि त्यावरून मत बदलत होते. हा शोध मला फार सुंदर वाटतो, कारण त्यात मतदाराबद्दल आशाही आहे. दुसऱ्या बाजूला, ज्या गावांचा परकीयांबद्दलचा एकूण कलच कडवा होता तिथे मूळ देशाचा फटका कितीतरी मोठा होता. ही झाली नावड. दोन्ही आजार एकाच रोग्यात. एकावर माहिती हे औषध चालतं, दुसऱ्यावर ते चालत नाही, आणि धोरण आखणाऱ्याला हे माहीत असणं अत्यंत गरजेचं आहे. कारण माहितीपत्रक आणखी सविस्तर करा, हीच सूचना कुणालाही पहिल्यांदा सुचेल.

नावडही कायम एकाच गटावर बसून राहत नाही. 1970 सालच्या जून महिन्यात देशातल्या परदेशी लोकांचं प्रमाण 10 टक्क्यांवर रोखावं, असा प्रस्ताव राष्ट्रीय मतदानाला आला होता. त्याचा रोख मुख्यतः इटालियन मजुरांवर होता. मतदार फक्त पुरुष, कारण स्विस स्त्रियांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क त्यानंतरच्या वर्षी मिळाला. प्रस्ताव पडला, पण बाजूनं 46 टक्के मतं होती. आता तीस वर्षं पुढे या. ठिकाण तेच एमेन. 12 मार्च 2000 रोजी तिथे 56 माणसांच्या नागरिकत्वावर मतदान झालं. 48 जणांना नकार. होकार मिळाला तो आठच जणांना, आणि ते सगळे इटालियन होते. बाल्कनमधली कुटुंबं बाहेर. 1970 मध्ये जे नकोसे होते ते 2000 मध्ये आपले झाले होते. तीस वर्षांत इटालियन माणूस बदलला की स्विस माणसाची नजर बदलली, या प्रश्नावर एक स्वतंत्र पुस्तक व्हावं.

एमेनचे नाकारलेले अर्जदार न्यायालयात गेले. 9 जुलै 2003 रोजी स्विस सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की नागरिकत्वाचा निर्णय हा कायद्यानं बांधलेला निर्णय आहे. ज्याच्याबद्दल निर्णय होतो त्याला नकाराचं कारण कळायला हवं, आणि मतपेटी कारण देऊ शकत नाही. त्याच दिवशी झुरिकच्या एका प्रकरणातही न्यायालयानं मतपेटीतून नागरिकत्व देण्याची पद्धत घटनाविरोधी ठरवली. देशात गदारोळ झाला. जनतेचा हक्क न्यायाधीशांनी काढून घेतला, अशी ओरड झाली आणि स्विस पीपल्स पार्टीनं तो हक्क परत आणणारा प्रस्ताव राष्ट्रीय मतदानाला नेला. 1 जून 2008 रोजी सुमारे 64 टक्के मतदारांनी तो फेटाळला. आज कँटनला वाटलं तर गावसभेत निर्णय घ्यायची मुभा आहे, पण अट अशी की कुणीतरी नकाराचा प्रस्ताव कारणासह मांडला असेल तरच सभेला नकार देता येतो. केवढं बारीक कलम आहे हे! गावाचा अधिकार शाबूत, फक्त नाही म्हणणाऱ्यानं उभं राहून, तोंड उघडून, का ते सांगायचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. न्यायालयाचा निकाल 2003 चा आणि निबंध 2013 चा. संशोधनानं धोरण बदललं असं इथे म्हणता येत नाही. न्यायाधीशांनी तत्त्वावरून निर्णय दिला. पण तो निर्णय प्रत्यक्षात काय करून गेला हे तत्त्व सांगू शकत नव्हतं, आणि तिथे याच दोघांचा पुढचा निबंध येतो. तो 2019 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पॉलिटिकल सायन्स'मध्ये छापला गेला. आवाका मोठा: 1991 ते 2009, सुमारे 1,400 पालिका. न्यायालयाच्या निकालांमुळे कित्येक पालिकांना नागरिकत्वाचा निर्णय मतदारांकडून काढून निवडून दिलेल्या मंडळाकडे द्यावा लागला. माणसं तीच, गाव तेच, अर्जदार तसेच, निर्णय करणारे हात तेवढे बदलले. नागरिकत्व मिळण्याचं प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी वाढलं.

या आकड्यावर थांबलं तर निबंध निम्माच वाचला असं होईल. मंडळातले लोक काही परग्रहावरून आलेले नव्हते. त्याच गावाचे, त्याच मतदारांनी निवडलेले, पुढच्या निवडणुकीत त्यांच्याचकडे मत मागायला जाणारे. मग फरक कशानं पडला? मतदाराला मनमानी नकाराची किंमत मोजावी लागत नसे. मंडळाला मात्र नकार लेखी द्यावा लागे, कारणासह, आणि ते कारण उद्या न्यायालयात तपासलं जाईल ही जाणीव ठेवून. लेखकांचं म्हणणं हेच खरं असेल तर वाढ कुठे सर्वांत जास्त दिसायला हवी? ज्या गटांना सर्वांत जास्त नकार मिळत त्यांच्यात, ज्या गावांचा कल कडवा होता तिथे, आणि जिथे न्यायालयीन तपासणीची धास्ती जास्त होती तिथे. ती तिथेच दिसली. स्वतःच्या म्हणण्याला स्वतःच असा पेच घालायचा आणि मग तो पुराव्यानं सोडवायचा, हे मला निबंधलेखनाचं फार वरचं अंग वाटतं. तुर्की तरुणाच्या नकाराचं कारण कागदावर लिहायला बसलं की 'तुर्की आहे' एवढंच हाती उरतं, आणि ते लिहिता येत नाही. म्हणून होकार द्यावा लागतो. मन बदललं की नाही हे ठाऊक नाही. पासपोर्ट मात्र मिळाला.

तिसरा टप्पा या सगळ्यात मला सर्वांत चटका लावणारा वाटतो. एकाच गावात दोन अर्जदार आहेत असं समजा. एकाला 51 टक्के होकार, दुसऱ्याला 49. पहिला नागरिक झाला, दुसरा परदेशी राहिला. दोघांच्या लायकीत काही फरक होता असं कुणी शहाणा म्हणणार नाही. त्या दिवशी पाऊस असता, चार मतदार घरी बसले असते, तर निकाल उलटा लागला असता. म्हणजे काठावर जिंकलेले आणि काठावर हरलेले हे दोन गट जवळजवळ चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे पडलेले आहेत. औषधाची परीक्षा घेताना मुद्दाम असे गट पाडतात. नागरिकत्वाच्या बाबतीत मुद्दाम कुणी असं करणार नाही आणि करूही नये. पण मतपेटीच्या पद्धतीनं ते आपोआप, निर्दयपणे करून ठेवलं होतं. हाइनम्युलर आणि हांगार्टनर यांनी जुझेप्पे पिएत्रांतुओनो यांच्यासोबत अनेक वर्षांनी या काठावरच्या माणसांना गाठलं आणि त्यांचं पुढे काय झालं ते विचारलं.

प्रश्नामागे युरोपातला एक जुना वाद आहे. काही म्हणतात, माणूस पूर्ण मिसळला की मग बक्षीस म्हणून नागरिकत्व द्यावं. लवकर दिलं तर मिसळण्याची निकड संपते. दुसरे म्हणतात, नागरिकत्व हे विरजण आहे. ते आधी लावायचं असतं, दही लागल्यावर नव्हे. वाद मतांचा होता, आता त्यात पुरावा आला. काठावर जिंकलेले लोक पुढे राजकारणात जास्त रस घेणारे, जास्त माहिती असलेले, समाजात जास्त मिसळलेले निघाले. फायदा ज्यांना लोक सर्वांत परके मानत त्या गटांत जास्त, आणि नागरिकत्व लवकर मिळालं असेल तर आणखी जास्त. 2019 मध्ये डॉल्स्टन वॉर्ड यांच्यासोबत 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये हाइनम्युलर आणि हांगार्टनर यांनी कमाईचा हिशेब मांडला. जिंकलेल्यांची वार्षिक कमाई पुढच्या 15 वर्षांत सरासरी सुमारे 5,000 डॉलरनं जास्त, आणि इथेही लाभ मुख्यतः सर्वांत बाहेर ठेवलेल्यांचा. नाकारलेल्यांपैकी काहींनी पुढे पुन्हा अर्ज करून नागरिकत्व मिळवलं, तरीही एवढी तफावत उरली.

5,000 डॉलर हा आकडा मी जरा वेळ डोळ्यांपुढे धरतो. पंधरा वर्षांत पंचाहत्तर हजार. मुलांचं शिक्षण त्यात होतं, थोडं मोठं घर होतं. चार मतांनी हुकलेल्या माणसाला हे कधी कळलं नसणार. तो स्वतःलाच दोष देत राहिला असेल, की आपलीच भाषा कमी पडली.

उणिवाही आहेत. काठावरच्या माणसांवरून काढलेलं अनुमान काठावरच्यांनाच नीट लागू पडतं. ज्याला 80 टक्के नकार मिळाला त्याचं नागरिक होऊन काय झालं असतं ते या पद्धतीला सांगता येत नाही. मतपेटीवाल्या पालिका साऱ्या देशाचं चित्र नव्हेत. आणि पुढे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सोडली तर संपूर्ण लेखनात अर्जदाराचा आवाज कुठेही नाही. त्याच्याबद्दल पालिकेनं लिहिलेल्या ओळी आहेत, त्याला पडलेली मतं आहेत, त्याची कमाई आहे, तो नाही. हे काम कदाचित कादंबरीचं असेल, पण उणीव जाणवते.

याच साहित्यातून 2015 मध्ये एक उपनिबंध निघाला, तोही वाचनीय आहे. काल्पनिक अर्जदारांची माहिती देऊन लोकांना 'तुम्ही काय ठरवाल?' असं विचारणाऱ्या पाहण्या सर्रास होतात. त्यांवर भरवसा ठेवावा का, याची परीक्षा या खऱ्या मतदानांशी ताडून घेतली गेली, आणि दोन अर्जदार शेजारीशेजारी ठेवून विचारण्याची पद्धत खऱ्या निकालाच्या सर्वांत जवळ गेली. पाहणी करणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा.

आता धोरणाकडे. 2017 च्या फेब्रुवारीत स्विस मतदारांनी तिसऱ्या पिढीतल्या तरुणांसाठी नागरिकत्वाची वाट सोपी करणारी घटनादुरुस्ती सुमारे 60 टक्के मतांनी मंजूर केली. 1 जानेवारी 2018 पासून नवा नागरिकत्व कायदा लागू झाला आणि वास्तव्याची अट 12 वरून 10 वर्षांवर आली. इथवर पुरावा आणि कायदा एका दिशेनं चाललेले दिसतात. पण त्याच कायद्यानं नवी अट घातली: अर्ज करणाऱ्याकडे कायम वास्तव्याचा सी परवाना असलाच पाहिजे. पूर्वी तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्यांनाही अर्ज करता येई. आता युद्धातून आलेली, मायदेशी परत पाठवता येत नाहीत म्हणून केवळ राहू दिलेली माणसं आधी वर्षानुवर्षं त्या परवान्याच्या मागे असतात. लवकर मिळालेल्या नागरिकत्वाचा लाभ सर्वांत परक्या ठरवलेल्यांना सर्वांत जास्त होतो, असं ते निबंध सांगतात, आणि नव्या अटीनं लांब ठेवली ती नेमकी अशीच माणसं.